मुदतीआधी फेडीचा भुर्दंड

तारण कर्ज मुदतीआधी बंद करायचं ठरवलं की बँकेकडून एक पानभर हिशेब मिळतो. त्याला फोरक्लोजर लेटर म्हणतात. वरच्या ओळीत शिल्लक मुद्दल असतं. त्याखाली चालू महिन्याचं तुटक व्याज, कधीकाळी न वटलेल्या हप्त्यांचा आकार, मुदतपूर्व फेडीचं शुल्क, त्या शुल्कावर अठरा टक्के जीएसटी. अगदी तळाशी बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की अमुक तारखेनंतर पैसे भरल्यास रोजचे इतके रुपये वाढतील. बेरीज मनात धरलेल्या आकड्यापेक्षा हमखास मोठी निघते, आणि घरातला पहिला शब्द असतो, ‘लुटलं.’

लुटलेलं असतंही कधी कधी. पण बहुतेक जण चुकीच्या ओळीवर चिडतात.

सगळ्यात जास्त राग येतो तो पहिल्या ओळीचा. ३० लाखांचं गृहकर्ज, ९ टक्के व्याज, २० वर्षांची मुदत असं धरू. हप्ता बसतो २६,९९२ रुपये. पाच वर्षं एकही हप्ता न चुकवता भरले म्हणजे १६ लाख १९ हजार रुपये बँकेत गेले. मग मुद्दल किती उरलं? २६ लाख ६१ हजार. म्हणजे सोळा लाख भरून मुद्दलातले जेमतेम तीन लाख ३९ हजार फिटले. ‘बँक आधी व्याज वसूल करून घेते आणि मुद्दल मागे ठेवते’ हे वाक्य इथूनच जन्माला येतं. प्रत्यक्षात बँकेने काहीच पुढे-मागे केलेलं नसतं. पहिल्या महिन्यात तुमच्याकडे तिचे पूर्ण ३० लाख असतात. त्यांचं महिन्याचं पाऊण टक्का व्याज २२,५०० रुपये होतं. हप्त्यातून ते वजा जाता ४,४९२ रुपये मुद्दलाला लागतात. पुढच्या महिन्यात शिल्लक तेवढी कमी, व्याज किंचित कमी. असं घसरत घसरत अर्धं मुद्दल फिटायला चौदा वर्षं लागतात. ही लांब मुदतीची किंमत आहे, आणि ती कर्ज घेतलं त्या दिवशीच ठरलेली होती. हप्ता कमी बसावा म्हणून वीस वर्षं आपणच मागितलेली असतात.

याच गणिताची दुसरी बाजू मात्र कर्जदाराच्या फायद्याची आहे. पाचव्या वर्षाच्या शेवटी वरच्याच कर्जात एक लाख रुपये जादा भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर शेवटचे साडेतेरा हप्ते उडतात. ते होतात साधारण तीन लाख ६६ हजार. दिवाळीचा बोनस गाडीत घालायचा की कर्जात, हा वाद ज्या घरांत होतो त्यांनी एवढा आकडा समोर ठेवावा.

व्याज खरोखरच पुढे ओढून घेण्याची पद्धत निराळी होती, आणि ती पूर्ण कायदेशीर होती. इंग्लंड-अमेरिकेत तिला ‘७८चा नियम’ म्हणत. एक ते बारा या आकड्यांची बेरीज ७८ होते, त्यावरून हे नाव. बारा महिन्यांच्या कर्जाचं एकूण व्याज आधीच काढायचं, त्याचे ७८ भाग करायचे. पहिल्या महिन्याला १२ भाग, दुसऱ्याला ११, तिसऱ्याला १०, शेवटच्याला एक. तीन महिन्यांत कर्ज फेडलं तर काळ पाव गेला, पण ७८ पैकी ३३ भाग, म्हणजे ४२ टक्के व्याज सावकाराचं झालं. हातगणिताच्या काळात ही सोय होती. अमेरिकेतल्या इंडियाना राज्याने १९३५ सालीच तिला कायद्यात जागा दिली. आपल्याकडे वाणिज्य शाखेत भाडेखरेदीची खाती लिहिलेल्यांना हे उतरत्या आकड्यांचं गणित ओळखीचं वाटेल.

छोट्या, वर्ष-दोन वर्षांच्या कर्जात या पद्धतीने फारसा फरक पडत नाही. घर तारण ठेवून घेतलेल्या लांब मुदतीच्या कर्जाला ती लावली की मात्र हिशेब भलतीकडे जातो. दहा हजार पौंड, १२ टक्के, १५ वर्षं असं कर्ज घ्या. हप्ता १२० पौंडांचा. १८० महिन्यांच्या आकड्यांची बेरीज १६,२९० होते आणि पहिल्या महिन्याच्या वाट्याला त्यातले १८० भाग येतात. त्या भागांचं व्याज होतं १२८ पौंड, म्हणजे हप्त्यापेक्षा आठ पौंड जास्त! इमानेइतबारे हप्ता भरूनही कर्ज वाढतं. वर्षभरानंतर बंद करायला गेलात तर मागणी येते १०,०५१ पौंडांची. पाच वर्षांनी खरी शिल्लक ८,३६५ पौंड असायला हवी, नियमाप्रमाणे निघते ९,२३१. साडेआठशेहून जास्त पौंडांचा हा फरक कुठल्याही कागदावर ‘दंड’ या नावाने छापलेला नसतो. म्हणून तो सापडत नाही.

ब्रिटनमध्ये १९७४च्या ग्राहक कर्ज कायद्याने मुदतीआधी फेडण्याचा हक्क आणि व्याजात सूट मिळण्याची तरतूद आणली, पण सूट मोजण्यासाठी १९८३च्या नियमांनी आधार घेतला तो याच पद्धतीचा. ग्राहकाच्या रक्षणासाठी केलेल्या नियमातच हा सावकारी हिशेब पक्का झाला. २००४ साली नवे नियम आले, ३१ मे २००५ पासून नव्या कर्जांना ते लागू झाले आणि सूट खऱ्या शिल्लकीवर मोजायला सुरुवात झाली. अमेरिकेने १९९२ मध्ये ६१ महिन्यांहून लांब ग्राहक कर्जांना ही पद्धत बंद केली.

आता शुल्काची ओळ. ती येते कुठून? गहाणाचा आपला कायदा १८८२चा आहे, मालमत्ता हस्तांतरणाचा. त्याच्या कलम ६० प्रमाणे गहाण सोडवून घेण्याचा हक्क कोणी करार करूनही काढून घेऊ शकत नाही. पण हा हक्क सुरू होतो तो रक्कम देय झाल्यावर. वीस वर्षांचं गहाण पाचव्या वर्षी सोडवायचं असेल तर मूळ कायदा कर्जदाराच्या बाजूने आपोआप उभा राहत नाही. करारात जी परवानगी असेल ती खरी. त्या परवानगीची किंमत म्हणजे हे शुल्क.

बँका त्याचं समर्थन नुकसानभरपाई म्हणून करतात, आणि स्थिर दराच्या कर्जात त्यांचं म्हणणं खरं आहे. बँकेने ठेवीदाराला पाच वर्षं सात टक्के द्यायचं कबूल करून पैसे घेतले, ते तुम्हाला साडेनऊने दिले. दोन वर्षांत बाजारातले दर घसरले. तुम्ही दुसरीकडून आठ टक्क्यांनी पैसे आणून हे खातं बंद केलंत. ठेवीदाराला सात द्यावेच लागतात, आणि परत आलेले पैसे आता आठच्या पुढे जात नाहीत. ठेवीदार स्वतः मुदत ठेव मोडायला गेला तर त्याचाही अर्धा-एक टक्का बँक कापते.

या नुकसानीचा हिशेब प्रत्येक देश आपापल्या परीने करतो. जर्मनीत स्थिर दराच्या गृहकर्जातून मध्येच बाहेर पडणाऱ्याकडून बँक बुडालेलं व्याज मोजून घेते. मात्र पूर्ण रक्कम मिळाल्यापासून दहा वर्षं झाली की सहा महिन्यांची नोटीस देऊन कर्जदार मोकळा. अमेरिकेत २००८च्या संकटानंतर झालेल्या कायद्याने आणि त्याखालच्या नियमांनी असं शुल्क पहिल्या तीन वर्षांपुरतंच ठेवलं: पहिली दोन वर्षं जास्तीत जास्त दोन टक्के, तिसऱ्या वर्षी एक.

सगळ्यात डोकेबाज पद्धत डेन्मार्कची. १७९५ साली कोपनहेगनमध्ये मोठी आग लागली, शहर पुन्हा बांधायला पैसा हवा होता, आणि १७९७ मध्ये तिथे पहिली गहाण पतसंस्था उभी राहिली. तिथे तुमच्या कर्जासाठी बाजारात तेवढेच रोखे विकले जातात. कर्ज आणि रोखा यांची जोडी असते. कर्ज संपवायचं तर बाजारातून तोच रोखा चालू भावाला विकत घ्यायचा आणि संस्थेला आणून द्यायचा, हिशेब मिटला. दर वाढले की जुन्या कमी व्याजाच्या रोख्यांचे भाव पडतात. समजा शंभराचा रोखा ऐंशीला मिळतोय, तर दहा लाखांचं कर्ज आठ लाखांत संपतं! २०२२ मध्ये युरोपात दर झपाट्याने चढले तेव्हा अनेक डॅनिश घरमालकांनी हेच केलं. नवं कर्ज घेतलं तर ते चढ्या दराने घ्यावं लागतं हे खरं, पण मुद्दलच घटलेलं असतं. दर पडले की बँकेचं नुकसान होतं, तर दर चढल्यावर कर्जदाराने लवकर पैसे परत केले तर बँकेचा फायदाच होतो. तो फायदा कर्जदाराला मिळण्याची सोय डेन्मार्कमध्ये आहे. आपल्याकडच्या एकाही करारनाम्यात असं कलम मी पाहिलेलं नाही.

तरत्या दराच्या कर्जात ही सगळी चर्चा गळून पडते. तिथे दर बाजाराबरोबर हलतो, मग बँकेने नेमकी कशावर पैज लावलेली असते? तरीही २०१० पर्यंत आपल्या देशात तरत्या दराच्या गृहकर्जावर साधारण दोन टक्के शुल्क सर्रास घेतलं जाई. आणि त्यात एक मासलेवाईक भेद असे. स्वतःच्या पैशाने, म्हणजे भविष्य निर्वाह निधीतून, गावची जमीन विकून वगैरे कर्ज फेडलं तर शुल्क कमी किंवा माफ. दुसऱ्या बँकेतून कर्ज आणून फेडलं तर पूर्ण शुल्क. बँकेच्या तिजोरीत दोन्ही वेळा तेच पैसे, त्याच दिवशी परत येतात. नुकसान झालं तर दोन्हीकडे सारखंच होणार. मग शुल्कात फरक का? कारण हे शुल्क नुकसानीचं नव्हतंच. ते गिऱ्हाईक शेजारच्या बँकेत जाऊ नये म्हणून दारावर बसवलेलं होतं. नव्या ग्राहकाला स्वस्त दर आणि जुन्याला जुनाच चढा दर, हा प्रकार त्यामुळेच इतकी वर्षं निर्धास्त चालला.

हा मुद्दा स्पर्धा आयोगापुढेही गेला होता. डिसेंबर २०१० मध्ये आयोगाने बहुमताने निकाल दिला की स्पर्धा कायद्याचा भंग दिसत नाही. काही सदस्यांचं मत वेगळं पडलं. पण त्याआधीच, त्या ऑक्टोबरात, राष्ट्रीय आवास बँकेने गृहवित्त कंपन्यांना स्वतःच्या पैशाने फेडणाऱ्यांकडून शुल्क घ्यायला मनाई केली. वर्षभराने तरत्या दराच्या गृहकर्जांसाठी ‘पैसा कुठून आणला’ हा प्रश्नच काढून टाकला. रिझर्व्ह बँकेने नेमलेल्या एम. दामोदरन समितीने २०११च्या अहवालात बँकांच्या या शुल्कावर बोट ठेवलं आणि ५ जून २०१२ रोजी रिझर्व्ह बँकेने बँकांच्या तरत्या दराच्या गृहकर्जांवरचं शुल्क बंद केलं. ७ मे २०१४ला ही बंदी व्यक्तींना दिलेल्या सगळ्याच तरत्या दराच्या मुदत कर्जांना लागू झाली. गृहकर्जदार सुटला.

व्यवसायासाठी घर-दुकान तारण ठेवणारा मात्र अडकून राहिला. मालमत्ता तारण कर्ज, ज्याला सगळे एलएपी म्हणतात, ते बहुधा धंद्यासाठी घेतलेलं असतं. कर्जदार भागीदारी किंवा खासगी मर्यादित कंपनी असली की ‘व्यक्ती’ हा शब्दच लागू होत नाही. बिगरबँक वित्त कंपन्यांसाठीच्या नियमात तर धंद्याचं कर्ज सरळ वगळलेलं होतं. समजा साठ लाख शिल्लक आहेत, दर साडेअकरा, दुसरी बँक साडेनऊने द्यायला तयार. करारात चार टक्के शुल्क. म्हणजे दोन लाख ४० हजार, वर जीएसटी ४३,२००, एकूण दोन लाख ८३ हजार २०० रुपये. दोन टक्के दर कमी झाल्याने वर्षाला वाचणार साधारण एक लाख वीस हजार. सव्वादोन वर्षांची बचत दारातच गेली. शिवाय नव्या बँकेची प्रोसेसिंग फी, वकिलाचा शोध अहवाल, मूल्यांकन आणि नव्या गहाणाचं मुद्रांक शुल्क. एवढी बेरीज केल्यावर माणूस म्हणतो, राहू दे. दारावर शुल्क बसवणाऱ्याला नेमकं तेच हवं असतं.

त्या ४३,२०० रुपयांचीही एक गंमत आहे. मुदतपूर्व शुल्क ही करार मोडल्याची नुकसानभरपाई आहे, सेवेचा मोबदला नाही, म्हणून त्यावर सेवा कर लागत नाही, असं सेवा कर न्यायाधिकरणाच्या मोठ्या पीठाने २०२० मध्ये सांगितलं. मग जीएसटीच्या ऑगस्ट २०२२च्या परिपत्रकाने उलट भूमिका घेतली: लवकर फेडू देणं ही सोय आहे आणि सोयीची किंमत करपात्र आहे. म्हणजे जे पैसे घेताना बँक नुकसान झालं म्हणून घेते, तेच पैसे कर लावताना सरकारच्या लेखी तुम्ही विकत घेतलेली सोय ठरतात.

२ जुलै २०२५ रोजी रिझर्व्ह बँकेने मुदतपूर्व फेडीच्या शुल्काबद्दल एकत्रित निर्देश काढले. १ जानेवारी २०२६ पासून मंजूर किंवा नूतनीकरण झालेल्या तरत्या दराच्या कर्जांना ते लागू आहेत. काही संस्था ग्राहकाने दुसरीकडे जाऊ नये म्हणून करारात अडवणुकीची कलमं घालतात, असं त्यात रिझर्व्ह बँकेनेच नोंदवलं आहे. व्यक्तींच्या बिगरव्यावसायिक कर्जावर कुणीही शुल्क घ्यायचं नाही. व्यक्ती किंवा सूक्ष्म-लघु उद्योगाने धंद्यासाठी घेतलेल्या कर्जावर व्यापारी बँका, चौथ्या स्तरातल्या नागरी सहकारी बँका आणि वरच्या स्तरातल्या वित्त कंपन्या यांनी घ्यायचं नाही. लघु वित्त बँका, ग्रामीण बँका, तिसऱ्या स्तरातल्या नागरी बँका, राज्य आणि जिल्हा मध्यवर्ती बँका, मधल्या स्तरातल्या वित्त कंपन्या यांच्यावर बंदी आहे ती पन्नास लाखांपर्यंतच्या मंजुरीला. पैसा कुठून आणला हे विचारायचं नाही आणि ‘पहिलं वर्षभर फेडता येणार नाही’ असली अटही चालणार नाही.

ही विभागणी महाराष्ट्रात नीट वाचायला हवी, कारण देशात सर्वाधिक नागरी सहकारी बँका इथे आहेत. चौथा स्तर म्हणजे दहा हजार कोटींवर ठेवी. त्यात सारस्वतसारखी मोजकीच नावं बसतात. तालुक्याच्या गावातली, पहिल्या-दुसऱ्या स्तरातली आपली नेहमीची बँक व्यवसाय कर्जाच्या या बंदीत नाही. पतसंस्था तर रिझर्व्ह बँकेच्या कक्षेतच नाहीत. त्यांचा कारभार सहकार खात्याच्या देखरेखीखाली आणि १९६०च्या सहकारी संस्था कायद्याने चालतो. तिथे संस्थेचे कर्जविषयक नियम काय आहेत, ते कर्ज घेण्याआधी व्यवस्थापकाकडे मागून वाचलेले बरे. आणि स्थिर दराचं कर्ज कुठेही घ्या, ते या बंदीबाहेर आहे. ‘पहिली तीन वर्षं स्थिर, मग तरता’ अशा कर्जात फेडण्याच्या दिवशी दर कुठला चालू होता, ते पाहिलं जातं. तीन वर्षं संपायला महिना उरला असेल तर महिनाभर कळ काढावी.

तुटक व्याजाची ओळ बारीक दिसते, पण तीही तपासावी. वरच्या उदाहरणात २६ लाख ६१ हजारांवर ९ टक्क्यांनी रोजचं व्याज ६५६ रुपये होतं. ८ तारखेला पैसे भरले तर आठ दिवसांचं व्याज द्यायचं. काही संस्था पूर्ण महिन्याचं लावत. एप्रिल २०२४ मध्ये रिझर्व्ह बँकेने ही प्रथा अनुचित ठरवून जादा घेतलेले पैसे परत करायला सांगितलं. मंजुरीच्या तारखेपासून व्याज मोजणं, चेक दिलाच नाही तरी त्यावरच्या तारखेपासून मोजणं, हेही त्याच पत्रात होतं. म्हणून शाखेतून शेवटचा आकडा घेताना तारीख आणि रोजचा दर दोन्ही लेखी मागावेत आणि हप्त्याची रक्कम खात्यातून वळती होण्याआधी बंद करणार की नंतर, हे आधीच ठरवावं. नाहीतर एक हप्ता उगाच कापला जातो आणि परताव्यासाठी फेऱ्या सुरू होतात.

पैसे भरल्यावर कागदांचं काम उरतं. ते टाळलं जातं, कारण डोक्यावरचा भार उतरलेला असतो. १ डिसेंबर २०२३ पासून गृहकर्जासारख्या वैयक्तिक कर्जांसाठी नियम असा आहे की पूर्ण फेडीनंतर तीस दिवसांत स्थावर मालमत्तेची मूळ कागदपत्रं परत करायची आणि नोंदवलेला बोजा उतरवायचा. संस्थेकडून उशीर झाला तर दिवसाला पाच हजार रुपये भरपाई. फ्लॅट असेल तर मूळ करारनामा, इंडेक्स-२, मुद्रांक शुल्काची पावती, शेअर सर्टिफिकेट, सगळं यादीशी ताडून घ्यावं. कर्ज देताना बँकेने कागद मिळाल्याची पोच दिलेली असते, ती यादी याच दिवसासाठी असते. सोसायटीच्या दप्तरात बँकेचा बोजा लिहिलेला असतो, तिथे बेबाकी दाखल्याची प्रत द्यावी. शेतजमीन असेल तर दाखला घेऊन तलाठ्याकडे बोजा कमी करण्याचा अर्ज करावा लागतो, मग फेरफार, मग मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. हे न केल्यास सातबाऱ्याच्या इतर हक्कात बँकेचं नाव तसंच राहतं. दहा वर्षांनी मुलगा जमीन विकायला काढतो, खरेदीदाराचा वकील ती नोंद दाखवतो, आणि तोवर ती शाखा दुसऱ्या बँकेत विलीन झालेली असते.